दोन दारांची गाडी

"गाडीत बसणार किती जण?" यार्डवाल्याने विचारलं, आणि ती म्हणाली, "मी एकटीच."

प्रश्न साधा होता. जुन्या गाड्यांच्या त्या यार्डात येणाऱ्या प्रत्येकाला तो हेच विचारत असणार आणि उत्तरावरून कुठल्या रांगेकडे न्यायचं ते ठरवत असणार. त्याने तिला लगेच डावीकडे वळवलं. तिकडे बुटक्या, दोन दारांच्या गाड्या उभ्या होत्या. चालता चालता तो इंजिन, टायर, किती किलोमीटर झालेत असं काहीबाही सांगायला लागला, पण ती दोन पावलं मागेच राहिली होती. 'एकटीच' हा शब्द तिने ठरवून उच्चारला नव्हता. ओठांत धरलेली टाचणी बोलता बोलता निसटावी तसा तो निसटला होता. आणि टाचणी पडली की पुढचा तासभर पाय जपून टाकावा लागतो, तसं तिचं झालं. घरात तीन माणसं होती. आई, बाबा आणि ती. गाडी घ्यायची असं जेवताना, कपडे वाळत घालताना, डॉक्टरकडे रांगेत बसलेले असताना तिघांनी मिळून वर्षभर बोललेलं होतं. तेव्हा 'आपली गाडी' असंच म्हटलं जायचं. मग हा शब्द तिच्या तोंडात बसला होता कधी?

कपड्यांच्या एका मोठ्या दुकानाच्या मागच्या बाजूला दुरुस्तीची खोली होती. तिथे ती सहा वर्षं काम करत होती. पँटची उंची कमी करायची, कोटाची बाही उसवून आखूड करायची, कंबर सैल करायची. ओठांत सतत टाचण्या आणि अंगाने काडी, म्हणून मास्तर तिला टाचणीच म्हणायचे, आणि तिचं खरं नाव आता फक्त हजेरीपटावर उरलं होतं. दुसऱ्याच्या अंगावर घडी मोडलेला कपडा हातात घेतला की त्यातला माणूस तिला दिसायचा. उजवा खिसा ताणलेला, म्हणजे किल्ल्यांचा जुडगा. एकाच कोपराला चकाकी, म्हणजे टेबलावर हात टेकून कंटाळणारा. त्यामुळे यार्डातल्या गाड्याही तिने तशाच पाहिल्या. पहिली लाल होती. मागे मोठा पंख बसवलेला, सायलेन्सरचं तोंड हाताची मूठ जाईल एवढं, दारांवर पेटत्या ज्वाळांचे पट्टे, आणि आत इंजिन मात्र बाजारहाटाच्या साध्या गाडीचं. खांद्यात जाड पॅड भरलेला कोट घालून फिरणारी माणसं असतात, तशी. दुसरी काळी, रेखीव, पहिल्या नजरेत आवडणारी. पण उन्हात वाकून बघितलं तर बॉनेटचा काळा आणि मडगार्डचा काळा वेगवेगळा निघाला. एकाच ताग्यातलं कापड नव्हतं ते. "हिचा अपघात झालाय," ती म्हणाली. यार्डवाल्याने तिच्याकडे जरा नीट बघितलं. "किरकोळ," तो म्हणाला. "तुमच्या बजेटात स्पोर्टी गाडी म्हणजे हे असंच मिळणार, मॅडम. वर विमा आहेच. वय पंचवीसच्या आत आणि गाडी असली म्हटली की विमावाले डोळे मोठे करतात."

"सहा महिन्यांनी पंचवीस होतील."

"मग सहा महिन्यांनी या. तोवर ही असेलच इथे." आणि तो स्वतःच हसला.

घरी आल्यावर आईने विचारलं, मिळाली का उंच सीटची एखादी. आईची यादी छोटी होती आणि पाठ होती: चार दारं, उंच सीट, मागे पाय पसरायला जागा. तीन वर्षांपूर्वी बाबा वर्कशॉपमधल्या खड्ड्यात पडले होते, गाड्यांच्या पोटाखाली काम करायला जो खणलेला असतो त्यात, आणि तेव्हापासून त्यांचा उजवा गुडघा वाकत नव्हता. टॅक्सीने जायचं झालं की ते मागच्या अख्ख्या सीटवर आडवे बसायचे, पाय लांब करून. आई पुढे ड्रायव्हरशेजारी आखडून बसायची आणि दर खड्ड्याला मागे वळून बघायची. दर गुरुवारी व्यायामाच्या दवाखान्यात जायचं, तेवढंच त्यांचं बाहेर पडणं. बाकीचे दिवस ते खिडकीजवळच्या खुर्चीत. समोर दुसरी खुर्ची, तिच्यावर पाय. "होत्या एकदोन," ती म्हणाली, "पण बरोबर नव्हत्या." खोटं नव्हतं हे. तिने उजवीकडच्या रांगेकडे नुसतं बघितलंही नव्हतं, एवढंच फक्त सांगायचं राहिलं. भांडी घासताना तिला वाटलं, आई पाठीमागून आपल्याकडे बघते आहे. वळून पाहिलं तर आई डाळीतले खडे निवडत होती.

ओढ कुठून सुरू झाली ते तिला अगदी तारखेनिशी नाही, पण उजेडानिशी आठवत होतं. ती दहा वर्षांची असेल. बाबा तेव्हा वर्कशॉपमध्ये दुरुस्त झालेल्या गाड्या गिऱ्हाइकांच्या घरी पोचवायचे आणि बसने परत यायचे. शाळेला सुट्टी होती, आईला कुठेतरी जायचं होतं, म्हणून त्या दिवशी बाबांनी तिला बरोबर नेलं. गाडी राखाडी होती, कुणा डॉक्टरची, दोन दारांची, इतकी बसकी की आत शिरताना आपण पाण्यात उतरतोय असं तिला वाटलं. सीट गार होती. चामड्याचा आणि तेलाचा वास होता, आणि कुणीतरी कधीतरी खाल्लेल्या संत्र्याचा. रस्ता एकदम जवळ आला होता. फुटपाथचा कठडा तिच्या खांद्याशी होता, शेजारून जाणाऱ्या सायकलचं पेडल तिच्या डोळ्यांसमोर फिरत होतं. पण ती बघत होती बाबांकडे. घरातले बाबा बोलके होते. शेजाऱ्यांच्या नकला करायचे, आईला चिडवायचे, बिल आलं की कपाळाला हात लावून नाटक करायचे. गाडीतला माणूस गप्प होता. दोन्ही हात स्टिअरिंगवर, हनुवटी जराशी वर, ओठ मिटलेले, आणि डोळे पुढे कुठेतरी लांब, जिथे ती नव्हती, आई नव्हती, घर नव्हतं. किती तरुण दिसत होता तो. कुणाचा बाप असेल असं वाटतच नव्हतं. तिला भीती वाटायला हवी होती, पण वाटली नाही. वाटलं, हा माणूस असा आहे तर, आणि हे मला एकटीला माहीत आहे. डॉक्टरच्या घरी किल्ली देऊन ते बसच्या थांब्यावर उभे राहिले तेव्हा बाबा पुन्हा बोलायला लागले होते. तिने परत तो चेहरा कधी बघितला नाही. चौदा वर्षं ती रस्त्यावरून जाणाऱ्या प्रत्येक बुटक्या गाडीच्या काचेत डोकावत आली होती, आणि आत बसलेला माणूस बहुतेक वेळा फोनवर बोलत असायचा, नाहीतर नाक खाजवत असायचा.

पेपरातल्या एका जाहिरातीतली गाडी बघायला ती रविवारी सकाळी गेली. विकणारा फार्मासिस्ट होता, पस्तिशीचा, गोल चेहऱ्याचा. गाडी निळसर होती, दहा वर्षांची, दोन दारांची. त्याने नमस्कार वगैरे न करता आधी दोषच सांगायला घेतले. डावं मागचं चाक आतल्या बाजूने झिजतं. काच खाली करताना मध्ये अडकते. थंडीत पहिल्या झटक्याला सुरू होईलच असं नाही. एवढं सांगून तो थांबला आणि तिच्याकडे आशेने बघायला लागला, आणि तिच्या लक्षात आलं की हा माणूस तिला परतवायला बघतोय. वरच्या खिडकीत त्याची बायको उभी होती, दोन्ही हात पोटावर टेकवून. पोट इतकं मोठं की ती खिडकीपासून लांबच उभी राहिल्यासारखी दिसत होती. "जुळी आहेत," तो म्हणाला, तिने विचारलं नव्हतं तरी. "मागे दोन बाळांच्या खुर्च्या बसवून बघितल्या. एक बसते. दुसरीसाठी बायकोला टपावर बसावं लागेल."

तिने सगळं नीट बघितलं. रंग एकाच ताग्यातला होता. सर्व्हिसची वही होती, पानापानावर शिक्का. स्टिअरिंगवरचं चामडं वर एकाच बाजूला गुळगुळीत झालेलं, म्हणजे हा एका हाताने चालवतो. पायाखालच्या चटईला टाचेपुरता खळगा. ड्रायव्हरच्या सीटची बाजूची शिवण एकदा उसवून परत घातलेली होती, टाके लांबलांब आणि वाकडे. तिने त्यावरून बोट फिरवलं.

"मीच शिवलंय," तो ओशाळून म्हणाला. "रफूवाल्याकडे द्यायचं तर गाडी दोन दिवस ठेवावी लागली असती."

दोन दिवस याला करमलं नसतं, हे तिला त्या टाक्यांवरून आधीच कळलं होतं. ती आत बसली. पाण्यात उतरल्यासारखं वाटलं नाही. आता ती मोठी होती, गुडघे स्टिअरिंगला लागत होते. गाडी सुरू झाली तेव्हा आवाज कानाला न येता पाठीच्या कण्याला आला. तो शेजारी बसून थोडंच बोलत होता. "दुसऱ्या गिअरातच राहू द्या. वळणावर ॲक्सिलरेटर सोडू नका, ती आपणहून येते." आणि ती आली. गोदामांच्या मागचा रिकामा रस्ता होता, डावीकडे लांब पिवळी भिंत, रविवारची शांतता. वळणावर गाडीचं सगळं वजन एका कुशीला झुकलं आणि तिच्या आतलं काहीतरी सुटलं, जे सहा वर्षं पट्टीच्या मापात, खडूच्या रेघेत, कुणाच्या तरी घोट्यापाशी गुडघे टेकून बसण्यात आवळून राहिलं होतं. तिला हसू आलं नाही, ओरडावंसं वाटलं नाही. फक्त पुढे जायचं होतं. भिंत संपली, तारेचं कुंपण आलं, कुंपणही संपलं. मग तिला वाटलं, आत्ता आपला चेहरा तसा असेल. तिने वरच्या आरशात बघितलं. आरशात नुसते डोळे मावत होते, तेही फार्मासिस्टच्या उंचीला लावलेल्या आरशात अर्धवट. जो चेहरा बघायचा म्हणून आपण इथवर आलो तो आतून दिसतच नाही, हे तिच्या आधी कसं लक्षात आलं नव्हतं? "पुढे रस्ता बंद आहे," तो म्हणाला. तिने गाडी वळवली. परत येईपर्यंत दोघंही गप्प होते, आणि ते गप्प बसणं तिला कुठल्याही ओळखीपेक्षा जवळचं वाटलं. उतरताना ती म्हणाली, गुरुवारपर्यंत सांगते. तो म्हणाला, घाई नाही. घाई होती हे वरच्या खिडकीकडे बघून कुणालाही कळलं असतं.

संध्याकाळी तिने बाबांना सांगितलं. आई खाली वाण्याकडे गेली होती. तिला वाटलं होतं की बाबांना सांगताना फार बोलावं लागणार नाही. ते हसतील, एखादी नक्कल करतील, आणि मग हळूच विचारतील, इंजिन कितीचं. ते तिचं म्हणणं ऐकत राहिले, पायावरची शाल सारखी करत.

"दोन दारांची?" ते म्हणाले. "मग मी कुठे बसू?"

त्यांच्या आवाजात तक्रार नव्हती. माहिती हवी होती त्यांना. खरंच कुठे बसायचं, हे ते मनातल्या मनात बघत होते. गाडीचं दार उघडून, सीट पुढे दुमडून, पाय आधी घालायचा की पाठ, असं. तिने भलतंच विचारलं. "बाबा, ती राखाडी गाडी आठवते? डॉक्टरची. मला नेलं होतं तुम्ही."

"कुठली?"

"अशीच बसकी. पोचवायला गेलो होतो आपण, येताना बसने आलो."

त्यांनी आठवून बघितलं. "असेल. अशा किती आल्या नि गेल्या. पण त्या बुटक्या गाड्या म्हणजे डोक्याला ताप गं. पुढे नाक कुठे संपतं ते दिसत नाही, बाहेरचा माणूस कमरेपासून खाली दिसतो. जरा घासली की पगारातून कापायचे. मला तर घाम फुटायचा. तोंडातून शब्द निघायचा नाही पोचेपर्यंत." मग ते हसले. "तुला घेऊन गेलो होतो होय? मग तर विचारूच नको."

ती उठून पाणी प्यायली. भांडं उपडं करून ठेवलं, परत सुलटं केलं. भीती होती ती. हनुवटी वर, ओठ मिटलेले, डोळे लांब: एका पगारदार माणसाची भीती, दुसऱ्याच्या गाडीला ओरखडा पडू नये म्हणून. चौदा वर्षं तिने तो चेहरा सांभाळला, कंटाळवाण्या दुपारी काढून बघितला, आणि तो असा होता. तिने वाट बघितली, की आता ओढ जाईल. आपोआप गळून पडेल आणि यार्डातल्या उजवीकडच्या रांगेकडे जाणं सोपं होईल. रात्री अंथरुणावर पडल्यावरही ती वाट बघत होती. शिवण उसवली तरी सुईच्या भोकांची रेघ कापडावर राहते, ती पाणी मारून, इस्त्री फिरवून काढता येते बऱ्याचदा. पण हे तसं नव्हतं. कारण काढून घेतलं तरी ओढ जागच्या जागी होती, उलट आता ती कुणाचीच राहिली नव्हती, बाबांची नाही, डॉक्टरच्या गाडीची नाही, फक्त तिची. आणि शेजारच्या खोलीत बाबा कूस बदलत होते. आधी पाय दोन्ही हातांनी उचलायचा, मग वळायचं. तो आवाज तिच्या ओळखीचा होता. तीन वर्षं घरात बसलेल्या माणसालाही ओढ असते, हे तिने इतक्या उघडपणे कधी मनात येऊ दिलं नव्हतं. त्यांना बसकी गाडी, उंच गाडी काही नको होतं. दार उघडून बसता येईल आणि बाहेर रस्ते सरकताना दिसतील, असा कुठलाही डबा चालला असता.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत ती यार्डात गेली आणि स्वतःहून उजवीकडे वळली. दुधी रंगाची उंच गाडी होती. चार दारं, एकाच बाईने सांभाळून वापरलेली, आत कुठे डाग नाही. ती मागच्या सीटवर बसली आणि उजवा पाय ताठ धरून लांब केला. पाय मावला. मग पुढे बसली. सगळं हाताशी होतं, सगळं दिसत होतं, नाक कुठे संपतं तेही. या गाडीत कुणाला घाम फुटला नसता. तिने डोळ्यांसमोर आणलं: गुरुवारचा दवाखाना, येताना तळ्याकाठची फेरी, आई पुढे पदर सावरून, मागे बाबा दुकानांच्या पाट्या मोठ्याने वाचताहेत. चांगलं चित्र होतं. खरं होतं. त्यात गाडी चालवणारी मुलगी पाठमोरी होती, आणि तिने कितीही वळवायचा प्रयत्न केला तरी ती वळेना. यार्डवाला काचेपाशी येऊन उभा राहिला. या खेपेला त्याने काही विचारलं नाही. "विचार करून सांगते," ती म्हणाली, आणि दुकानात परत जाऊन तिने एका नवऱ्यामुलाचा कोट दोन्ही बाजूंनी असा आत घेतला की मास्तर म्हणाले, "टाचणी, त्याला श्वास घ्यायचाय लग्नात." सगळं उसवून परत घालावं लागलं. ते करता करता पाच वाजले. मग तिने जिन्यात उभं राहून फार्मासिस्टला फोन केला.

"मला हवी आहे गाडी."

"बरं," तो म्हणाला. "मला वाटलं होतं तुम्ही नाही म्हणाल."

आईने ऐकून घेतलं. "मिळाली ना मनासारखी? झालं तर मग," म्हणाली आणि वाळलेल्या कपड्यांच्या घड्या घालत राहिली. गुरुवारसाठी कायमची टॅक्सी लावते, माझ्या पगारातून, असं ती म्हणाली तर आई म्हणाली, "कशाला, चाललंय तसं चालेल." त्या आठवड्यात आई तिच्याशी नेहमीइतकंच बोलली, नेहमीच्याच विषयांवर, आणि प्रत्येक वाक्य संपल्यावर उरायचं ते तिला ऐकू येत राहिलं. आपण वाईट आहोत का, असं तिने स्वतःला विचारून बघितलं. आपण वाईट नाही, असं म्हणायला जीभ वळली नाही.

गाडी घरी आली तो रविवार होता, सकाळचे दहा वाजले असतील. आई वरच राहिली, कुकर लावलाय म्हणाली. बाबा काठी टेकत, कठडा धरत खाली आले; दोन मजले उतरायला त्यांना दहा मिनिटं लागली आणि तिने मदतीला धरलेला हात त्यांनी दोनदा बाजूला केला. ते गाडीभोवती फिरले. काठीच्या टोकाने टायर ठोकले, डाव्या मागच्या चाकापाशी थांबून 'हं' म्हणाले. बॉनेट उघडायला लावलं, आत वाकले, एका नळीला बोट लावून बोट हुंगलं. वही मागून घेतली आणि इंजिनचा पट्टा कधी बदललाय ते पान शोधलं. मग ते शेजारच्या सीटच्या बाजूला गेले आणि दार उघडलं. ती पलीकडे उभी होती. त्यांनी सीटकडे बघितलं. काठी सीटशेजारी जमिनीवर उभी धरली आणि सीट काठीवर कुठवर येते ते बघितलं. काठीच्या अर्ध्याच्याही खाली. एक हात त्यांनी टपावर ठेवला, जणू आता वजन टाकणार. मग तो काढून घेतला आणि दार लावलं, अलगद, बोटांनी ढकलून.

"दार छान लागतं," ते म्हणाले.

मग त्यांनी मान हलवली. "जा, एक फेरी मार इमारतीला. मी ऐकतो."

"काय ऐकता?"

"इंजिन. आतून नाही कळत ते. बाहेर उभं राहावं लागतं."

ती निघाली. पहिलं वळण, बाजूची गल्ली, मागच्या बाजूचे कचऱ्याचे डबे, पुन्हा वळण. समोर रस्त्याच्या कडेला बाबा काठीवर दोन्ही हात ठेवून उभे होते, मान जरा तिरपी, डोळे तिच्याकडे नाही, जमिनीकडे. ती जवळ आली तसा तिने वेग कमी केला. त्यांनी एक बोट वर केलं. अजून एकदा. ती न थांबता पुढे गेली. दुसऱ्या फेरीला ते बुटक्या भिंतीवर टेकले होते, न वाकणारा पाय समोर लांब सोडून, आणि वरच्या खिडकीत आई येऊन उभी होती. त्यांनी पुन्हा बोट वर केलं. त्यांना इंजिनात काही खुपणारं ऐकू येत होतं, की नुसतंच ऐकायचं होतं, ते तिला कळेना. काच खाली करून विचारता आलं असतं. तिने गाडी दुसऱ्यात टाकली आणि वळणावर ॲक्सिलरेटर सोडला नाही.

तिसऱ्या फेरीला त्यांचे डोळे मिटलेले होते, आणि बोट आधीच वर होतं.